वीस वर्षं न उडालेली बंदूक

यावर कुणाचा विश्वास बसायचा नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. हट्ट्याच्या पलीकडं कोसभरावर एक गाव आहे. त्या गावात सलग वीस वर्षं चोर शिरला नाही, आणि शिरला नाही तो एका बंदुकीच्या धाकानं. आता गंमत अशी की ती बंदूक त्या वीस वर्षांत एकदाही उडाली नव्हती. उडायची ती तातेरावची जीभ.

बंदूक ठासणीची, एकनळी. निजाम गेल्यावर तिसऱ्या साली तातेरावला ती पिकाच्या राखणीसाठी परवान्यानं मिळाली. दरसाल परवाना नवा करून घ्यायला तो तिला बायकोच्या, नर्मदाबाईच्या, जुन्या लुगड्यात गुंडाळून एसटीनं वसमतला न्यायचा. कंडक्टर विचारायचा, "काका, पेशंट कोण हाय?" तातेराव म्हणायचा, "आमची थोरली. बोलत न्हाई, पण बोलली का तालुका हादरतो." आणि वसमत येईपर्यंत मागच्या बाकापासून पुढच्या बाकापर्यंत सगळी एसटी त्याच्याकडं तोंड करून बसलेली असायची. उतरणारे उतरायचे विसरायचे.

त्याच्या गोष्टी अशा. एकदा शेतात ससा दिसला म्हणून तातेरावनं बार टाकला. ससा वाचला, पण छर्रे शेजारच्या तिळाच्या पेंढ्यांत घुसले आणि एका बारात चार पायल्या तीळ झोडपून निघाले. नर्मदाबाईनं त्याचे संक्रांतीला लाडू केले. "अजून बी एखांद्या लाडवात दाताखाली छर्रा येतो," तातेराव सांगायचा. लाडू खाऊन वीस वर्षं झाली असतील हे कुणी मोजत बसायचं नाही. दुसरी गोष्ट चोराची. चोर अंगणात आला, भिंतीला टेकवलेली बंदूक त्याला चांदण्यात दिसली, त्यानं तिला हात जोडले आणि कुलूप तोडायचा लोखंडी गज तिथंच ठेवून माघारी गेला. कुणी हसलं की तातेराव म्हणायचा, "हसा लेको. गज गोठ्यात हाय. बघून या." गज खरंच गोठ्यात होता. वसमतच्या सोमवारच्या बाजारातून आणलेला.

आणि सगळ्यांत गाजलेली गोष्ट डुकराची. म्हशीच्या पारड्याएवढं रानडुक्कर ज्वारीतून आलं, त्यानं गावातल्याच कोंडीबाच्या मांडीत सुळा घातला, राखणीच्या माळ्यावरून तातेरावनं बार टाकला. डुक्कर बार अंगात घेऊन पळालं ते थेट कळमनुरीच्या रानात. वारंगा फाट्यावर ट्रकवाल्यांनी ते रस्ता ओलांडताना पाहिलं आणि हत्ती समजून ब्रेक मारले. गोष्ट इथवर आली की पारावरची माणसं कोंडीबाला हाक मारायची. "कोंडीबा, दाव रे मांडी!" कोंडीबा धोतर वर करायचा, जखमेची खूण दाखवायचा, धोतर खाली करायचा. तोंडातून अक्षर काढायचा नाही. लोक म्हणायचे, बघा, साक्षीदार समोर हाय.

खरं काय झालं ते गावात चौघांनाच ठाऊक होतं. तातेराव, नर्मदाबाई, कोंडीबा आणि त्याची बायको सोजराबाई.

झालं होतं असं. त्या साली डुकरांनी तीन दिवसांत तातेरावची पाऊण एकर ज्वारी आडवी केली होती. चौथ्या दिवशी दिवेलागणीला तातेराव माळ्यावर बंदूक ठासून बसला. झोप नाही, डोळे लाल. ज्वारी हलली. ताटांच्या बुडाशी काळं, गोल, पाठीसारखं काहीतरी दिसलं. तातेरावनं चाप ओढला. डुक्कर ओरडलं नाही. "माय गं!" असा आवाज आला.

कोंडीबा काळी घोंगडी डोक्यावरून घेऊन बसला होता. ज्या कामाला माणूस दिवेलागणीला ज्वारीत बसतो त्याच कामाला. तातेरावनं माळ्यावरून उडी टाकली ती पायऱ्या सोडून. कोंडीबाला पाठीवर घेतलं, गाडी जुंपली आणि वसमतला एका निवृत्त कंपाउंडरच्या घरी नेलं. गाडीत कोंडीबा दात आवळून एकच वाक्य बोलला, "डुक्कर सांगा." कंपाउंडरनं चिमट्यानं मांडीतून छर्रे काढून ताटलीत टाकले, टाक टाक टाक, आणि म्हणाला, "तुमच्याकडची डुकरं लोखंड खात्यात वाटतं." एवढंच. त्यानंही पुढं विचारलं नाही.

त्या वर्षी कोंडीबाची दोन एकर पेरणी, निंदणी, कापणी तातेरावनं स्वतःच्या हातानं केली. बंदुकीची उरलेली दारू त्यानं विहिरीत ओतली, बाराच्या टोप्यांची डबी गोठ्यात पुरली आणि बंदूक खुंटीला लावली. तेव्हापासून बंदूक जितकी मुकी झाली, तितका तातेराव बोलका झाला.

आता ती वीस वर्षं सरली कशी ते ऐका.

दुष्काळ सरला त्याच्या पुढचं साल. पिकं बरी आली होती, पण माणसांची भूक अजून पुरती उतरली नव्हती. पौषात पलीकडच्या वस्तीवर दरोडा पडला. पाच-सहा जण आले, एकाच्या हातात गावठी बंदूक, सालगड्याचं डोकं फोडलं, आणि पार्वतीबाईच्या कानातल्या बुगड्या काढायला वेळ लागतोय म्हणून कानाच्या पाळ्यांसकट ओढून नेल्या. पार्वतीबाई तातेरावच्या गावची लेक. चौथ्या दिवशी ती माहेरी आली ती डोक्याला पांढरं फडकं बांधून. बाया तिला बघायला गेल्या आणि घरी येऊन आपापल्या कानांतलं काढून डब्यात ठेवलं. संध्याकाळी पाच वाजता दारं लागू लागली. हे काही हसण्यावारी न्यायचं नव्हतं, आणि तातेरावनंही नेलं नाही. तोसुद्धा पार्वतीबाईकडं जाऊन गपचूप बसून आला.

मग सरपंच उत्तमरावनं मारुतीच्या पारावर गाव जमवलं.

"कलेक्टरकडं अर्ज करायचा," उत्तमराव म्हणाला. "बंदुकीचे परवाने मागायचे. नऊ नावं आलीत."

पहिलं नाव तातेरावचा पुतण्या नरसिंग याचं. दुसरं दगडोबाचं. ह्या दोघांची शेतं लागून, आणि मधल्या बांधावरून दोघं सहा वर्षं एकमेकांच्या अंगावर जात होते. मागच्या आखाजीच्या सणाला तर कुऱ्हाडीपर्यंत मजल गेली होती. आज दोघं एका पारावर मांडीला मांडी लावून बसले होते आणि दोघांनीही अर्जात कारण एकच लिहिलं होतं: डुकरं व चोर यांपासून संरक्षण.

"नरसिंगा," एक म्हातारा म्हणाला, "तुझ्या रानातलं डुक्कर दगडोबाच्या रानातूनच येत आसल न्हाई?"

लोक हसले. नरसिंग नाही हसला. "हसून घ्या. पार्वतीआत्याचे कान बघितले का कुणी? तवा आमच्याकडं काय होतं? काठ्या! चोराकडं गावठी बंदूक, आन आमच्याकडं काठ्या. पोलीस ठाणं किती लांब, सांगा. ते येईस्तोवर चोर नांदेडला सिनेमा बघून घरी येतील."

हे काही खोटं नव्हतं. चार माना हलल्या.

"आन एक सांगतो," नरसिंगनं तातेरावकडं बोट केलं. "काकाची एक बंदूक. एका बंदुकीनं वीस वर्षं गाव राखलं का न्हाई? चोर गज ठेवून पळाला का न्हाई? मग नऊ झाल्यावर? हिशेब करा!"

पार एकदम उसळला. "बराबर! बराबर!" कुणी तरी तातेरावच्या पाठीत कौतुकाची थाप मारली. तातेराव आधी फुलला. सवयच होती. मग त्याच्या डोक्यात नऊ माळे उभे राहिले. नऊ माळ्यांवर नऊ तरणी पोरं, झोप नसलेली, डोळे लाल. आणि खाली ज्वारी. त्याच्या पाठीवरची थाप त्याला तिथंच दगडासारखी लागली.

"कुणी विचारलं का," मागं बायांत बसलेली सोजराबाई उभी राहून म्हणाली, "आमी समद्या पहाटं कुठं जातो ते?"

पारावर कुणाला कळेना कुठं बघावं. उत्तमराव खाकरला. "सोजराबाई, ह्या गोष्टी काय पारावर बोलायच्या असत्यात का?"

"मग कुठं बोलायच्या? ज्वारीत बसून?"

बाया पदर तोंडाला लावून हसल्या, पण एकीनंही तिला खाली बस म्हटलं नाही. उत्तमरावनं घाईघाईनं सांगून टाकलं की परवा ठाण्याहून जमादार चौकशीला येणार आहे, आणि ज्याच्याकडं आधीपासून परवाना आहे त्याचा जबाब सगळ्यांत मोलाचा. "तातेराव, समदं तुमच्यावर हाय बरं का! जरा रंगवून सांगा."

दुसऱ्या दिवशी दुपारी तातेराव बैलांना पाणी दाखवत होता तेव्हा कोंडीबा पाय ओढत आला. पूर्वी तो "मालक" म्हणायचा. नव्या धम्माची दीक्षा घेऊन आला त्या दिवसापासून त्यानं मालक सोडलं, पण "तुमी" ठेवलं. तातेराव त्याला "कोंडीबा" आणि "तू" म्हणायचा, त्यात कधी बदल झाला नव्हता.

"उद्या काय सांगनार?" कोंडीबानं विचारलं.

"बघू."

"बघू न्हाई. खरं सांगा."

तातेरावनं बैलाच्या पाठीवर हात फिरवला. "तुरुंगात घालतील रे."

"वीस वर्षांनी कोण घालतंय? आन मी फिर्याद देऊन ऱ्हायलो का? घाबरू नगा, तुमाला कुणी न्हाई नेणार. तुमी तुरुंगाला भीत न्हाई, मला ठावं हाय."

तातेरावनं बैलाचं दावं उगाच सोडून पुन्हा बांधलं. मग म्हणाला, "उद्यापासून पारावर तोंड कसं दावू? लोक म्हणतील तातेराव खोटारडा."

कोंडीबा हसला. "ते तर आताबी म्हणत्यात."

"आता हसून म्हणत्यात."

हे मात्र कोंडीबाला पटलं. तो थोडा वेळ दावणीच्या दगडावर बसला, दुखरा पाय लांब केला.

"तूच म्हणला होतास डुक्कर सांगा म्हणून," तातेराव म्हणाला. यात तक्रार नव्हती, पण होतीही.

"म्हणलो व्हतो. कंपाउंडरला सांगा म्हणलो. गावाला सांगा, दरसाल सांगा, वाढवून सांगा, डुकराला पारड्याएवढं करा, हे कवा म्हणलो? तुमी पारड्याएवढं करायचे आन मी धोतर वर करायचो. वीस वर्षं."

बैलानं पाण्यातून तोंड वर केलं. हौदावर थेंब पडत राहिले.

"मला वाटलं, दोस्तीपायी म्हणलास," तातेराव हळू म्हणाला.

"दोस्ती मागून झाली. मला तुमी सुगीभर मांडीवर घेतल्यासारखं जपलं, ते मी विसरलो न्हाई. पण गाडीत मी निराळा हिशेब केला. रान तुमचं, गाव तुमचं, फौजदार तुमच्याकडं भाकर खाऊन जायचा. खरं बोलून आमी राहावं कुठं? म्हून डुक्कर."

तातेरावनं वीस वर्षांत लाखभर गोष्टी जुळवल्या असतील, पण ही एक गोष्ट त्याला कधी अशी दिसली नव्हती. त्याला वाटत होतं, आपण एक खोटं दोघांनी मिळून सांभाळतोय. ते त्यानं सांभाळलं होतं, आणि कोंडीबानं सोसलं होतं. त्यानं बादली उचलली, परत ठेवली.

"मी काय तरी जुळवतो," तो म्हणाला. "असं सांगतो का बंदुकी आणायचं नावच निघणार न्हाई. माझ्यावर सोड."

"जुळवू नगा, तातेराव." कोंडीबा उठला. "सोजरा रोज पहाटं जाती. तुमच्या नर्मदाबाई बी तिकडंच जात्यात. काळोखात लुगडं कोणतं आन डुक्कर कोणतं हे नऊ जणांला कळंल का? तुमी बोललात तर तुमचं नाव राहील. न्हाई बोललात तर मला बोलावं लागंल. मग नाव कुणाचंच राहनार न्हाई."

आणि पाय ओढत तो गेला.

त्या रात्री तातेराव जेवला नाही. नर्मदाबाईनं ताट तसंच झाकून ठेवलं. "काहून जेवत न्हाई?" असं तिनं विचारलं नाही. फक्त म्हणाली, "तुमाला सरळ एक वाक्य बोलायचं हाय. इतकं काय अवघड हाय त्यात?" बिचारीला कुठं ठाऊक, की तिच्या नवऱ्याला आयुष्यात सगळं जमलं होतं, सरळ वाक्य तेवढं जमलं नव्हतं.

जमादार हिरासिंग सकाळी दहाला सायकलीवरून आला. मिशा भरघोस, आवाज भरघोस, वही मात्र बारीकशी. ग्रामपंचायतीच्या ओसरीवर टेबल टाकलं होतं. पुढं अख्खं गाव. पार्वतीबाई फडकं बांधून भिंतीशी बसलेली, तिच्याभोवती बाया. कोंडीबा कोपऱ्यातल्या खांबाला टेकून उभा, सोजराबाई त्याच्या पलीकडं. नऊ अर्जदार नवरदेवासारखे धुतलेले सदरे घालून पुढच्या ओळीत. नरसिंग आणि दगडोबा आजही शेजारी शेजारी. चहा झाला.

"हां, तो तातेराव कौन?" हिरासिंग म्हणाला, आणि मग वर्षानुवर्षं ह्या भागात राहून कमावलेल्या मराठीवर आला. "बसा. हे बघा, मला एवढंच लिहायचं हाय. तुमच्याकडं बंदूक हाय बावीस वर्षं. तिचा गावाला फायदा झाला का नुकसान? सरळ सांगा, मी लिहितो."

तातेराव उठून उभा राहिला. त्यानं रात्रभर वाक्य पाठ केलं होतं. मी ज्वारीत बार टाकला आणि तो माणसाला लागला. मी ज्वारीत बार टाकला आणि तो माणसाला लागला. आठ शब्द. त्यानं घसा साफ केला.

"वीस वर्षांमागची गोष्ट हाय, जमादारसाहेब. मी माळ्यावर बसलो व्हतो."

"डुकराची! डुकराची!" मागून कुणी तरी ओरडलं आणि गाव सरसावून बसलं. म्हातारे पुढं सरकले. जे ओसरीवर मावत नव्हते ते आतल्या खोलीच्या खिडकीत आले. पार्वतीबाईनंसुद्धा फडकं कानावरून जरा बाजूला केलं, ऐकू यावं म्हणून. दरोडा पडल्यापासून तिनं तोंड उघडलेलं कुणी पाहिलं नव्हतं, आणि आता तिच्या ओठांच्या कोपऱ्यात ऐकायला बसलेल्या लहानपणच्या पोरीचं हसू येऊ घातलं होतं.

तातेरावनं ते हसू पाहिलं. तिथंच घात झाला.

"दिवेलागणीची येळ," तो म्हणाला. "ज्वारी हलली."

"केवढं व्हतं, काका?"

वाक्य ओठांवर होतं. पण जिभेनं वीस वर्षांची वाट धरली. "पारड्याएवढं," तातेरावच्या तोंडून गेलं. "पारडं काय, चांगली दोन वेतांची म्हैसच म्हणा."

ओसरी खुलली. हिरासिंगनं टाक वहीवरून उचलून कानाला लावला आणि कोपर टेबलावर टेकला. तातेरावच्या मनात विजेसारखा एक विचार आला. नाही तरी सांगायचं काय आहे? बंदुकीचा उपयोग नाही एवढंच ना? मग डुकराकडूनच सांगवू! असं डुक्कर उभं करू की त्याच्यापुढं बंदूक म्हणजे पिपाणी. कोंडीबाचंही काम होईल आणि आपलंही नाव राहील. तो रंगात आला.

"बार टाकला, साहेब. असा बार, का हट्ट्याच्या बाजारात गाढवं उधळली. छर्रे जाऊन डुकराच्या कपाळाला लागले. आन डुकरानं काय करावं? जीभ बाहेर काढून एक एक छर्रा चाटून घेतला. फुटाणे खावं तसे खाल्ले! माझ्याकडं बघितलं, म्हणजे अजून हायत का! मी दुसऱ्यांदा बंदूक ठासली. त्यानं तेबी खाल्ले. तिसऱ्यांदा ठासली तर ते माळ्याखाली येऊन बसलं, मांजर बसतं तसं. छर्रे संपले आन त्याला राग आला. तवा ते कोंडीबाकडं वळलं. म्हणजे बघा साहेब, बंदुकीनंच ते चेकाळलं. बंदूक नसती तर गपचूप ज्वारी खाऊन गेलं असतं. बंदूक काही कामाची न्हाई बघा. नुसता ताप."

लोक गुडघ्यांवर थापा मारून हसत होते. पार्वतीबाई पदरात तोंड घालून हलत होती, आणि ती हसतेय का रडतेय ते तिचं तिलाच ठाऊक. तातेरावनं कपाळावरचा घाम पुसला आणि कोंडीबाकडं पाहिलं. बघ, जमवलं का न्हाई? कोंडीबाच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नव्हती.

नरसिंग उठून उभा राहिला. "ऐकलं ना, साहेब? एका बंदुकीनं असलं डुक्कर मरत न्हाई. म्हणूनच नऊ पाहिजेत!"

"नऊ पाहिजेत!" पुढची ओळ ओरडली. दगडोबा सगळ्यांत मोठ्यानं.

हिरासिंग हसता हसता टाक कानावरून काढून लिहू लागला आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचू लागला. "पिकाची व मनुष्याची राखण... रानडुकराचा हल्ला... एक बंदूक अपुरी पडली..."

"अवं, तसं न्हाई," तातेराव म्हणाला. "मी म्हणलो उपयोग न्हाई."

"तेच तर. अपुरी." हिरासिंगनं पान उलटलं. "कोंडीबा कोण? डुकरानं ज्याला मारलं तो?"

"दाव रे मांडी!" गावानं ओरडून सांगितलं.

कोंडीबानं धोतराला हात लावला नाही. लोकांना वाटलं, साहेबासमोर लाजला.

"ऱ्हाऊ द्या," हिरासिंग म्हणाला. "आता शेवटचा एक सवाल, तातेराव. हा मला विचारावाच लागतो, कागदावर जागा हाय त्याला. बावीस वर्षांत ह्या बंदुकीनं कधी माणसाला इजा झाली? चुकून, गंमतीत, कशीबी?"

ओसरीवरचं हसू अजून ओसरायचं होतं, त्यामुळं हा प्रश्न बहुतेकांना ऐकूच आला नाही. तातेरावला आला. जमादारानं त्याला त्याचंच वाक्य हातात आणून दिलं होतं. आता त्याला काही जुळवायचं नव्हतं. नुसतं "व्हय" म्हणायचं होतं. एक शब्द.

त्यानं पुढच्या ओळीतले नऊ धुतलेले सदरे पाहिले. पुतण्याचा उजवा हात पाहिला, जो आत्ताच, बसल्या बसल्या, नसलेल्या चापावर बोट वाकवून होता. त्यानं बायांकडं पाहिलं, त्यांत नर्मदाबाई होती आणि ती त्याच्याकडंच बघत होती. मग त्यानं सगळं गाव पाहिलं, त्याच्यावर लोभ करणारं, पुढचं वाक्य ऐकायला मान पुढं काढून बसलेलं. एवढं कौतुक पुन्हा कधी वाट्याला यायचं नव्हतं.

"न्हाई," तातेराव म्हणाला. "माणसाला कशाला? डुकराला."

हे म्हणताना त्यानं कोंडीबाकडं पाहिलं. आणि यावर तर मुळीच कुणाचा विश्वास बसायचा नाही, पण त्या घटकेला तातेरावच्या डोळ्यांत भीती नव्हती. बैलगाडी उतारावरून सुटली आणि आपल्याच्यानं आवरत नाही, तेव्हा गाडीवान वाटेतल्या माणसाकडं जसा बघतो, तसा तो बघत होता. कुणी तरी वेसण धरा रे.

हिरासिंगनं लिहायला टाक टेकवला.

"खोटं हाय," कोंडीबा म्हणाला.

तो खांबापासून सुटा झाला आणि पाय ओढत टेबलापर्यंत आला.

"वीस वर्षं खोटं हाय. नीट लिवून घ्या, जमादारसाहेब. त्या ज्वारीत डुक्कर नव्हतंच. मी बसलो व्हतो."